चौथ्या रकान्यातली तारीख

डोंगरावरचा रस्ता जिथे एकदम आत ओढल्यासारखा वळतो, तिथे गवतात एक पांढरा लाकडी क्रूस आहे. लेटा रॅटलिफ त्या वळणापाशी आली की गाडी हळू करी आणि उजवा हात क्षणभर छातीशी नेई. सहा वर्षांपूर्वी तिच्या थोरल्या बहिणीचं, कॉरिनचं, बाळ इथे गेलं होतं. त्यांच्या काउंटीतल्या इस्पितळाने बाळंतपणाचा वॉर्ड बंद केला तेव्हापासून कळा सुरू झालेल्या बाईला डोंगर ओलांडून दीड तास न्यावं लागे. कॉरिनचं बाळ पायाळू होतं. ते दीड तास थांबलं नाही.

त्या दिवशी ओल्या गवतात उभं राहून लेटाने देवाला शब्द दिला होता, की मी शिकेन आणि डोंगराच्या या बाजूच्या बायकांची बाळंतपणं करीन. तसं करायचं तर रस्ता एकच होता. डोंगरापलीकडचं मोठं इस्पितळ दर वर्षी फक्त चार नव्या डॉक्टरांना बाळंतपणाच्या शिक्षणासाठी घेई. त्या चारांत यायचं.

लेटाचं कॉलेज ऑस्टिओपॅथीचं होतं. इथला डॉक्टर इतर डॉक्टरांइतकंच सगळं शिकतो आणि वर हातांनी हाडं, स्नायू, सांधे वाचायला शिकतो. त्यांची परवान्याची परीक्षा वेगळी, कॉम्लेक्स. मुलं तिला ‘घरची’ म्हणत. एम.डी. होणाऱ्यांची यूएसएमएलई, ती ‘बाहेरची’. कायद्याने घरची पुरेशी होती. पण दुसरं वर्ष संपत आलं की कॉलेजच्या जेवणघरात दुसरा विषय नसे. कोण बाहेरचीही देणार, कोण नाही, आणि दिली नाही तर पुढे कुठली दारं उघडणारच नाहीत.

बर्चेट सरांनी, ज्यांनी चाळीस वर्षं मुलांचे हात घडवले होते, तिला ऑफिसात बसवून समजावलं. आपली परीक्षा आपल्यासाठी आहे, दुसऱ्याच्या अंगणात जाऊन स्वतःला का मोजून घ्यायचं, असं त्यांचं म्हणणं. आणि बाहेरचीत एकदा नापास झालीस तर तो डाग जन्मभर धुऊन निघत नाही, हेही त्यांनी शांतपणे सांगितलं. लेटा निघाली तेव्हा ते खिडकीबाहेर बघत होते. उंबऱ्यापाशी तिला वाटलं, त्यांना आणखी काही सांगायचं होतं.

तिने मोठ्या इस्पितळात फोन लावला. तिथल्या अर्जांचं काम गिलेस्पीबाई बघत. आवाज मऊ, दुधासारखा.

“आम्ही दोन्ही परीक्षा चालवून घेतो, बाळा,” त्या म्हणाल्या. कुठेतरी छापण्याचं यंत्र चालू होतं. “संगणक मात्र त्याची यादी स्वतःच करतो. त्याला जे आकडे दिसतात त्यांची.”

“म्हणजे, मॅम?”

“म्हणजे एवढंच. नाव काय म्हणालीस तुझं?”

लेटाने नाव सांगितलं. फोन ठेवला तरी मनात पाल चुकचुकतच राहिली.

ग्रंथालयात पुस्तकं देण्याच्या टेबलापाशी वेंडेल आयसम बसे. गेल्या वर्षी तो याच कॉलेजातून वर्गात तिसरा येऊन डॉक्टर झाला होता. एकसष्ट इस्पितळांना अर्ज केले, एकानेही बोलावलं नाही. आता तो पहिल्या वर्षाच्या मुलांना शरीररचनेची पुस्तकं शिक्के मारून देई. त्याचा पांढरा कोट मागच्या खोलीत खुंटीला टांगलेला असे, इस्त्री केलेला.

“तू बाहेरची दिली नव्हतीस?” लेटाने विचारलं.

“नाही.”

“म्हणूनच झालं का हे?”

वेंडेलने शिक्का शाईवर दाबला. “तसं मला वाटतं. सांगितलं कुणीच नाही. नकार आला असता तर बरं वाटलं असतं गं. काहीच आलं नाही.”

त्या संध्याकाळी लेटाने दोन्ही परीक्षांचे अर्ज भरले. घरची मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि बाहेरची त्यानंतर नवव्या दिवशी. अभ्यास एकच आहे, एका दमात दोन्ही होतील, असा हिशोब प्रत्येक वर्षी पाच-सहाजण करतात. पण एकच नव्हता अभ्यास. घरचीसाठी बरगड्यांवरचे दुखरे ठिपके आणि मणक्यांचे कल पाठ करावे लागत, बाहेरचीत त्यातला एक शब्द येत नसे. आणि सरावाच्या पेपरात बाहेरचीचा आकडा तीनदा पासाच्या रेषेखालीच राहिला.

कॉलेजात एक रीत होती. परीक्षेच्या आधी जोडीदाराने जोडीदाराची मान सोडवायची. लेटाची जोडीदार ऑड्रा स्लोन, जिभेला धार असलेली, दोन वर्षं तिच्याच टेबलावरची. बाहेरचीच्या आदल्या दुपारी रिकाम्या प्रयोगशाळेत लेटा उताणी पडली आणि ऑड्राने तिच्या डोक्याखाली दोन्ही तळवे सरकवले.

“ही मान आहे का कुंपणाचा खांब?” ऑड्रा म्हणाली. “गाय बांधली तरी हलायचा नाही.”

लेटा हसली. ऑड्राची बोटं मात्र हलेनात. नेहमी दोन-तीन मिनिटांत कवटीखालचे स्नायू लोण्यासारखे सुटत, आज सुटेनात. बाहेर धुकं खाली उतरून खिडकीला टेकलं होतं. ऑड्राच्या आवाजातली थट्टा गेली.

“लेटा, जाऊ नकोस उद्या. तारीख पुढे ढकल.”

“का?”

“मला शब्दांत नाही सांगता येत. हाताला कळतंय. बर्चेट सर काय म्हणतात? पेशंट खोटं बोलेल, डॉक्टर खोटं बोलेल, हात खोटं बोलणार नाहीत.”

लेटा उठून बसली, केस बांधले. पुढे ढकलली तर जूनच्या मध्यापासून इस्पितळातली कामाची पाळी सुरू होणार, मग अभ्यासाला दिवस कुठला. ती म्हणाली, “प्रार्थना कर माझ्यासाठी.” ऑड्रा म्हणाली, “ती तर करतेच आहे.”

परीक्षेचं केंद्र डोंगरापलीकडे होतं. सकाळी वळणावर धुकं इतकं दाट की क्रूस दिसलाच नाही. हात छातीशी न्यायचा राहिला, हे लेटाच्या लक्षात आलं तेव्हा ती गावात शिरली होती.

निकाल जूनच्या अखेरीस आले. घरचीत पास. बाहेरचीत नापास.

तिने ते ऑड्राला सांगितलं, आईला नाही, कॉरिनला नाही. मग एका दुपारी पुस्तक परत करायला गेली असता वेंडेलने तिच्या तोंडाकडे बघूनच ओळखलं.

“कुणाकुणाला माहीत आहे?” त्याने विचारलं.

“ऑड्राला.”

“मग ऐक. अर्ज भरताना कुठल्या परीक्षेचा निकाल कुठे पाठवायचा, त्याचे चौकोन असतात. बाहेरचीच्या चौकोनात खूण करू नकोस. घरचीवर अर्ज कर, आपल्याला तो हक्क आहे. कुणी विचारणार नाही, कुणाला दिसणार नाही.”

“हे खोटं नाही का?”

“खोटं कसलं? तू कुठे काय बोलतेयस?”

लेटाला रात्री झोप लागत होती. तीच गोष्ट तिला विचित्र वाटे. पुढच्या वर्षी घरचीच्या दुसऱ्या टप्प्यात तिने इतके गुण मिळवले, की बर्चेट सरांनी वर्गासमोर तिचे हात हातात घेऊन दाबले. सप्टेंबरात अर्ज भरताना तो चौकोन तिने रिकामा ठेवला. रोज सकाळी फोनला हात लावण्याआधी ती बायबलचा एक अध्याय वाची. त्या दिवशीही वाचला, पण काय वाचलं ते दुपारपर्यंत आठवेना.

नोव्हेंबरात मोठ्या इस्पितळाचं बोलावणं आलं.

विभागाच्या प्रमुख डॉ. प्रुइट. उंच, केस आखूड कापलेले, शब्द मोजून बोलणाऱ्या. टेबलावर लेटाची फाईल होती. संगणकाच्या यादीत तू नव्हतीस, त्यांनी सांगितलं. गिलेस्पीबाईंनी दीड वर्षापूर्वी एका फोनवर ऐकलेलं नाव कागदाच्या कपट्यावर लिहून ठेवलं होतं, तुझा अर्ज त्यांनी हाताने माझ्यापुढे आणून ठेवला. मग त्यांनी पायाळू बाळाबद्दल विचारलं, वळणाबद्दल विचारलं, आणि लेटा बोलत असताना एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही. उठता उठता सहज विचारावं तसं म्हणाल्या,

“तू यूएसएमएलई दिलीच नाहीस, बरोबर ना? तुमच्याकडची बरीच मुलं त्या भानगडीत पडून हात भाजून घेतात.”

खोलीत गरम हवेच्या यंत्राचा आवाज होता. खरं बोलली असती तर त्या क्षणीच बोलली असती.

“नाही दिली, मॅम,” लेटा म्हणाली.

“शहाणी आहेस.”

मार्चमध्ये चार नावं लागली, त्यांत तिचं होतं. आई चर्चमध्ये सगळ्यांसमोर रडली. कॉरिन पोटावर हात ठेवून बाकावर बसली होती. तिला दिवस गेले होते आणि तारीख जुलैच्या पहिल्या आठवड्यातली, लेटा ज्या आठवड्यात कामावर रुजू होणार त्याच आठवड्यातली. चर्चमधल्या बायका म्हणाल्या, हे देवानेच जुळवून आणलंय. लेटानेही मान डोलावली.

एप्रिलच्या मधोमध राज्याच्या वैद्यकीय मंडळाचा अर्ज आला. शिकाऊ डॉक्टरचा परवाना. तो असल्याशिवाय इस्पितळात पाऊल ठेवता येत नाही. वर गिलेस्पीबाईंच्या वळणदार अक्षरातली चिठ्ठी होती: भरून आण, डॉ. प्रुइट सही करतील, सोबत घरचं काही खायला आण. लेटा खुर्चीत बसून रकाने भरत गेली. नाव. जन्म. कॉलेज. चौथा रकाना: आजवर दिलेली परवान्याची प्रत्येक परीक्षा, कोणतीही, निकाल काहीही असो, तारखेसह. खाली: वरील माहिती मी वाचली आहे, विभागप्रमुखाची सही.

बराच वेळ ती त्या ओळीकडे बघत राहिली. मग कागद घेऊन ग्रंथालयात गेली आणि वेंडेलपुढे ठेवला. त्याने वाचला, पुन्हा वाचला. त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

“हे असतं हे मला माहीत नव्हतं,” तो म्हणाला. “मी इथवर कधी पोचलोच नाही, लेटा.”

आतल्या खोलीत खुंटीवरचा कोट दिसत होता. यंदाही तो तिथेच होता.

ऑड्राने फोनवर सगळं ऐकून घेतलं. ती एकदाही म्हणाली नाही की मी सांगितलं होतं. तिने एवढंच विचारलं, की मंडळाकडे सगळ्या परीक्षांची यादी आधीच असते का. असते, लेटा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेटाने चौथ्या रकान्यात तीन ओळी लिहिल्या. तिसरीत बाहेरचीची तारीख, आणि पुढे एक शब्द, नापास. भीतीने लिहिलं की शब्द दिला होता म्हणून, हे तिला तेव्हा सांगता आलं नसतं. वळणावर गाडी थांबवून ती खाली उतरली. क्रूसाचा रंग उडाला होता, एक खिळा सैल झाला होता. तिने अंगठ्याने तो दाबून बघितला. बसला नाही.

गिलेस्पीबाईंनी हसून मक्याच्या पावाचा डबा घेतला, मग कागद. वाचता वाचता त्यांनी चष्मा काढला.

“बस, बाळा,” त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. दार त्यांनी लावून घेतलं.

अर्ध्या तासाने डॉ. प्रुइट बाहेर आल्या. कागद त्यांच्या हातात होता. सहीची जागा कोरी होती.

“नापास झालीस हे तेव्हा कळलं असतं तरी मी तुला घेतलं असतं,” त्या म्हणाल्या. “ते तू मला ठरवू दिलं नाहीस.”

“हो, मॅम.”

“गुरुवारी समितीपुढे ठेवते. काय होईल ते मला माहीत नाही. माझं मत काय असेल तेही आज माहीत नाही.”

लेटा परत निघाली. कॉरिनच्या घराकडे गाडी आपोआप वळली. कॉरिन सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती, शेजारी वाटीत मिठाचे दाणे आणि कापलेलं कच्चं सफरचंद. झाली का सही, तिने विचारलं. गुरुवारी, लेटा म्हणाली. मग तिने वाटीतली सफरचंदाची एक फोड उचलली.

“बघ तरी जरा,” कॉरिन म्हणाली आणि तिचा हात ओढून स्वतःच्या पोटावर ठेवला. “सकाळपासून लाथा मारतोय. या बाजूने बघ, बरगडीपाशी काहीतरी टणक लागतं. कोपर असेल नाही?”

लेटाने दुसराही हात ठेवला. डोळे मिटले. बोटं हळूहळू वर सरकली, थांबली, दोन्ही बाजूंनी जवळ आली. गोल, कठीण, दोन हातांमध्ये किंचित डोलणारं. खाली ओटीपोटाशी मऊ, रुंद भाग.

“काय गं? कोपर?”

“अजून दहा आठवडे आहेत,” लेटा म्हणाली. “खूप वेळ आहे. बाळं फिरतात.”

कॉरिनचं हसू हळूहळू गेलं. तिला हे शब्द ठाऊक होते. पहिल्या बाळाच्या वेळीही तिने ते ऐकले होते.

“जुलैत तिथे तूच असशील ना?” तिने विचारलं.

लेटाने डोळे उघडले नाहीत. हात तिने तिथेच ठेवले, त्या डोक्याभोवती, बरगडीखाली.