अकरा नंबरचा रंग

माझ्या झाकणावर चिकटपट्टीचा एक तुकडा आहे आणि त्यावर पेनाने अकरा हा आकडा लिहिलाय. माझी ओळख एवढीच. मी चेहऱ्याला लावायच्या रंगाची डबी. आजवर गप्प होते, कारण डबीने तोंड उघडलं की आतलं बाहेर येणारच, आणि माझ्या आत जे आहे ते फारसं गोड नाही. पण माझ्याविषयी इतकं खोटं बोललं गेलंय की आता ऐकवत नाही.

मी कारखान्यातली नाही. कारखान्यातून आल्या त्या माझ्या थोरल्या बहिणी, एक ते दहा नंबरच्या. एक नंबर दुधासारखी, पाच नंबर गव्हासारखी, आणि दहा नंबर म्हणजे फार तर दोन दिवस उन्हात फिरून आलेल्या माणसासारखी. माणसाचा रंग त्याच्याही पुढे जातो, हे कारखान्याला कुणी कळवलंच नव्हतं.

आमची पेटी एका मेकअपवालीची होती. स्टुडिओत सगळे तिला ताई म्हणायचे, तिच्याहून मोठे असलेलेसुद्धा. बावीस वर्षं ती लोकांचे चेहरे सारखे करत आली होती. ताई काळी होती. लोक तिच्यासमोर 'सावळी', 'तरतरीत' असे आडवळणाचे शब्द वापरायचे. ती स्वतः मात्र सरळ 'काळी' म्हणायची आणि पुढच्या कामाला लागायची.

एक दिवस दिग्दर्शक मेकअपच्या खोलीत आला. नवी मालिका सुरू व्हायची होती. घरच्या फोटोत जिला कडेला उभं करतात, दुकानात जिला गल्ल्यावर बसू देत नाहीत, अशा एका काळ्या मुलीची गोष्ट. ती मुलगी चाकावर मातीची भांडी घडवायला शिकते आणि नाव कमावते. मुख्य भूमिकेसाठी जी नायिका घेतली होती, तिला आमच्यातली दोन नंबरही गडद पडायची.

"ताई, दहा नंबर लावून बघितला," दिग्दर्शक म्हणाला. "मुलगी आजारी दिसते. काळी नाही दिसत."

"मग मिसळून करावा लागेल."

"करा ना." त्याने नमुना दाखवायला खोलीभर नजर फिरवली आणि ती ताईच्या हातावर येऊन थांबली. "असा. अगदी असा. वाईट वाटून घेऊ नका हं."

"त्यात वाईट काय वाटायचं? रंगच तर आहे."

ताईने काचेच्या तुकड्यावर तपकिरी घेतला, त्यात थोडा लाल, चिमूटभर पिवळा आणि काळ्याचे चार थेंब घातले. पात्याने घोटायची आणि स्वतःच्या हातावर लावून बघायची. चार वेळा जमलं नाही. पाचव्या वेळी तिने बोट ओढलं आणि रंग हातावर दिसेनासा झाला. तोच माझा जन्म. तिने मला एका रिकाम्या डबीत भरलं आणि वर आकडा लिहिला.

शेजारच्या आरशापाशी केसवाली टोप विंचरत बसली होती. तिच्या तोंडाला कुलूप नव्हतं. "ताई, मग तुझ्या लेकीलाच का घेतलं नाही? रोजचे दोन तास वाचले असते."

ताईने पातं पुसलं. मग म्हणाली, "गेली होती ती."

ते मला तेव्हा कळलं. ताईची लेक तेविसाची, रंगाने आईवर गेलेली, लहानमोठ्या नाटकांतून काम करणारी. 'खरा, सावळा चेहरा हवा' अशी जाहिरात आली तेव्हा ती चाचणीला गेली होती. तेही तयारी करून. भूमिका भांडी घडवणारीची आहे म्हणून तीन महिने एका कुंभाराकडे जाऊन चाक शिकली, नखं कापली, मनगटं सुजवून घेतली. तीन फेऱ्या पार पडल्या. चौथ्या वेळी तिला बसवून सांगितलं, की अभिनय उत्तम आहे, पण लोक जेवता जेवता टीव्ही बघतात. रोज घरात यावासा वाटेल असा चेहरा पाहिजे.

"आणि तरीही तू हा रंग करून देतेस?" केसवालीने विचारलं.

"मी नाही केला तर दुसरं कुणी करेल. आणि वाईट करेल," ताई म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून माझं काम सुरू झालं. नायिका सकाळी सातला खुर्चीत बसायची. आधी कपाळ, मग गाल, मान, कान, कानामागे, हात कोपरापर्यंत. ताई एक ठिपकाही सोडायची नाही. आणि नायिका वाईट बाई नव्हती, हे मी सांगायलाच हवं. ताईची पाठ धरली की स्वतःच्या गाडीतून घरी सोडायची, तिच्यासाठी आपल्या डब्यातलं काढून ठेवायची. कदाचित म्हणूनच तिचं बोलणं जास्त लागायचं.

"ताई, काल गंमत झाली," ती एकदा आरशात बघत म्हणाली. "तुमचा रंग न पुसता तशीच एका दुकानात गेले. तर दुकानदार माझ्या मागे मागे. मी काहीतरी उचलेन म्हणून. कुणी ओळखलंच नाही मला. इतकी मजा आली."

ताईचा हात थांबला. "मजा?"

"म्हणजे अनुभव हो. भूमिकेला उपयोगी. मग मी सांगितलं त्याला कोण आहे ते. बिचारा इतका ओशाळला."

"डोळे मिटा," ताई म्हणाली. "पावडर उडेल."

मालिका गाजली. पत्रांचे ढीग यायचे. 'किती गोड काळी दिसते,' असं एका आजींनी लिहिलं होतं आणि ते पत्र सगळ्यांना वाचून दाखवलं गेलं. मालिका मध्येच थांबली की जाहिरात लागायची. जाहिरातीतही आमचीच नायिका, तिच्या मूळच्या रंगात, हातात गोरं होण्याच्या मलमाची ट्यूब. आधी पाच मिनिटं ती काळी म्हणून रडायची, मग अर्ध्या मिनिटात त्यावरचा उपाय सांगायची. ही विसंगती केसवालीशिवाय कुणाला दिसलेली मला आठवत नाही. ती मात्र पोट धरून हसली होती.

दोन महिन्यांनी वाहिनीच्या कचेरीतून निरोप आला: रंग थोडा उतरवा, चेहरा अंधारात जातो. ताईने माझ्यात पांढऱ्याचे दोन थेंब घातले. पुढच्या महिन्यात आणखी दोन. असं वर्षभर चाललं. पडद्यावरची मुलगी काळीच होती, सगळे तिला काळीच म्हणत होते, संवादही तेच होते. फक्त मी गव्हाच्या दिशेने सरकत होते. एकदा ताईने सवयीने मला हातावर लावून बघितलं. माझा फिकट पट्टा उठला, खडूने रेघ मारावी तसा. तिने तो लगेच पुसला.

मग तो चाकाचा प्रसंग आला. मुलगी पहिलं मोठं भांडं घडवते, कॅमेरा हातांवरून चेहऱ्यावर जातो, सगळं एका दमात. नायिकेने आठ दिवस प्रयत्न केला. प्रत्येक वेळी माती वर यायची आणि मान टाकल्यासारखी कोलमडायची.

दिग्दर्शक ताईपाशी आला. या वेळी त्याने खुर्ची ओढून घेतली. "ताई, तुमच्या मुलीला चाक येतं ना? फक्त हात हवेत. चेहऱ्याचं मी जोडून घेईन."

"मी विचारते," ताई म्हणाली.

मला वाटलं होतं ती नाही म्हणेल. ताईलाही बहुधा वाटलं होतं की लेक नाही म्हणेल. पण लेक आली. सकाळी साडेआठला, साध्या सुती कपड्यांत, केस घट्ट बांधून. आईच्या समोरच्या खुर्चीत बसली आणि दोन्ही हात पुढे टेकवून ठेवले.

दिग्दर्शकाने हातांवर दिवा टाकून बघितलं, पडद्यावर नायिकेचा चेहरा बघितला, पुन्हा हात बघितले. मग जरा अवघडून म्हणाला, "जुळत नाहीये. हिचे हात... जरा जास्तच आहेत. ताई, आपला अकरा नंबर लावा ना. पंजे मातीत जातील, फक्त मनगटापासून कोपरापर्यंत."

केसवालीने टोप बाजूला ठेवला.

काळं दिसण्यासाठी मला ढवळलं होतं, आणि आता एका काळ्या मुलीला काळं दिसण्यासाठी मीच हवी होते, कारण ती खरी होती आणि मी ठरलेली होते.

ताईने माझं झाकण फिरवलं. स्पंज बुडवला. लेकीचं मनगट हातात धरलं आणि तशीच उभी राहिली. लहानपणी याच मनगटाला धरून तिने तिला रस्ता ओलांडायला शिकवलं असेल, असं काहीतरी माझ्या मनात आलं. डबीला मन असतं का, ते मला विचारू नका.

"लाव आई," लेक म्हणाली.

"नको असेल तर आत्ता सांग. मी बोलते त्यांच्याशी."

"काय बोलशील?"

तिने मला लावलं. डावा हात, मग उजवा. इतक्या वर्षांचा सरावलेला हात ताईचा, रेघ कुठे दिसली नाही. लेकीने हात दिव्याखाली उलटसुलट करून बघितले, एखाद्या कपड्याची शिवण बघावी तसे.

"कोपरापाशी अजून एक थर दे," ती म्हणाली. "खालचा दिसतोय."

तेवढं बोलून ती चाकावर जाऊन बसली. पहिल्याच खेपेला माती अशी सरळ वर आली की दिवेवाले काम सोडून बघत राहिले. एका दमात सगळं झालं. तिने हात धुतले. मी नळाखालून वाहून गेले, जेवढी लागले होते तेवढी. आईला 'येते' म्हणाली आणि गेली.

तो प्रसंग त्या वर्षी सगळ्यांच्या तोंडी होता. नायिकेला बक्षीस मिळालं. मेकअपच्या खोलीतल्या टीव्हीवर आम्ही सोहळा पाहिला. ती म्हणाली, "हे हात कमवायला मला फार वेळ लागला. या रंगाचं दुःख मी दोन वर्षं अंगावर वागवलं." लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. ताई ब्रश धूत होती. तिने पाणी बंद केलं नाही.

महिन्याभरात लेक मैत्रिणीबरोबर वेगळी राहायला गेली. भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं, असं ताई केसवालीला म्हणायची. रविवारी फोन यायचा, पाठ कशी आहे, गॅस मिळाला का, एवढंच. नाटकं तिने सोडली. आता ती परक्या भाषांतल्या चित्रपटांना आवाज देते. अंधाऱ्या खोलीत उभी राहून सोनेरी केसांच्या राजकन्यांचं बोलणं बोलते. आवाज सगळ्यांना आवडतो म्हणे. घरोघरी जातो, जेवणाच्या वेळीसुद्धा.

माझा शेवट मालिकेबरोबरच झाला. शेवटच्या भागांत गोष्ट पाच वर्षं पुढे गेली आणि दिग्दर्शक म्हणाला, "ताई, आजपासून अकरा नंबर बंद."

"म्हणजे ती गोरी झाली? कशाने?"

"कशाने असं नाही. आता ती सुखी आहे. सुखी माणूस उजळ दिसतं." हे तो अगदी मनापासून म्हणाला, आणि एकाही प्रेक्षकाने पत्र लिहून कारण विचारलं नाही.

मी पेटीच्या तळाशी पडले, सुकले, भेगाळले. मग स्टुडिओने मालिकेच्या आठवणींचं प्रदर्शन भरवलं आणि मला मागून नेलं. ताईने कापडाने पुसून दिलं. आता मी काचेच्या कपाटात आहे. पाटीवर लिहिलंय, 'नायिकेने हजार दिवस सोसलेला रंग.' शेजारी ते भांडं आहे. 'नायिकेने स्वतः घडवलेलं.'

गेल्या आठवड्यात ताईची लेक आली होती, आवाजाच्या खोलीतल्या एका मैत्रिणीबरोबर. मैत्रिणीला काहीच माहीत नव्हतं. तिने कपाटाला टेकून फोटो काढून घेतला. लेकीनेच काढला, नीट वाकून, उजेड बघून.

"आता तुझा काढू?"

"नको."

मैत्रीण पुढच्या दालनात गेली. लेकीने दोन्ही पाट्या वाचल्या. भांड्याकडे बराच वेळ बघितलं. मग फोन लावला.

"आई, त्या प्रदर्शनात आलेय... हो, आहे ना. काचेत ठेवलीय... नाही, तुझं नाही लिहिलेलं. माझंही नाही." ती थोडा वेळ ऐकत राहिली. "मला माहितीये तू विचारलं होतंस. मीच लाव म्हटलं... रडू नको. अगं, त्या भांड्याचा तळ जाड राहिलाय, ते मला तेव्हाच कळलं होतं... बघू. या रविवारी नाही, पुढच्या रविवारी बघू." फोन पर्समध्ये टाकून ती मैत्रिणीच्या मागे निघून गेली.

बघणाऱ्यांनो, तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. माझ्यासमोर उभं राहून डोळ्यांत पाणी आणू नका. मी मेण, तेल आणि मातीचा गोळा आहे. मला कुणी सोसलं नाही, संध्याकाळी साबणाने धुतलं. ज्यांचा रंग धुऊन जात नाही त्यांपैकी कुणी तरी आत्ता याच दालनात तुमच्या मागे उभं असेल, पाटी वाचायला जागा मिळण्याची वाट बघत. जरा बाजूला व्हा.