मिशी आणि माशी

मिशीला तेल आणि धान बायकोच्या जिवावर, हे लेकाचं वागणं सुमित्राबाईला मुळीच खपत नव्हतं. सून टीना खोडकिड्याची अंडी पोखरणाऱ्या इवल्या गांधीलमाश्यांची कार्डं धानाला टाचत होती, तर गजेंद्र विषाचा पंप पाठीवर घेऊन बांधावर हजर.

"माय, हे चिलट का करल? मी फवारूनच टाकतो."

"माश्या मरतील ना!" टीना कळवळली.

सुमित्राबाईनं टीनाच्या हातातलं भिंग ओढून कार्डावर धरलं. ठिपक्याएवढा जीव, डोळे लालभडक, गांधीलमाशी म्हणावं तर कंबरच नाही.

"अन् ह्या केसाळ मिशा कोनाच्या वं?"

"नराच्या. अंडी शोधते मादीच."

सुमित्राबाईनं लेकाला न्याहाळलं.

"गज्या, पंप उतरव अन् कार्डं टाच. मिशी तं माशीच्या नरालेबी असते!"