माझ्या गाण्याला शेवट नाही

कडेला टवका उडालेली, मधोमध भोक पडलेली आणि सुक्या बोंबलाचा वास मारणारी एक काळी तबकडी तुमच्याशी बोलतेय, मित्रांनो. नाक धरू नका. माझ्या पोटात तीन मिनिटांचं गाणं आहे, आणि त्या गाण्यानं एका मोटारीला अच्छाडपासून चारोटीपर्यंत उलटं पळवलं होतं. हे मी फुशारकीनं सांगत नाही. बरं, थोडं फुशारकीनंच सांगते.

तुम्ही मला कधी पाहिलं नसेल. पूर्वी गाणी अशी काळ्या गोल ताटल्यांत राहायची. पेटीवर ताटली ठेवायची, चावी फिरवायची, सुई टेकवायची, की कर्ण्यातून गाणं बाहेर. आम्ही लाखेच्या. लाख म्हणजे झाडावरच्या इवल्या किड्यांनी केलेला चीक. म्हणजे माझं कूळ जंगलातलं, तेव्हा मी कोणाच्या बाजूनं बोलते याचं पुढे नवल करू नका.

माझ्या जन्माआधीपासून सांगायला हवं. तलासरीजवळच्या एका पाड्यावर नारू नावाचा तारपावाला होता. तारपा म्हणजे वाळलेला भोपळा, बांबूच्या दोन नळ्या आणि पुढे ताडाच्या पानांचा लांब भोंगा. नवं भात घरात आलं की नारू तारपा फुंकायचा आणि सगळा पाडा एकमेकांच्या कमरेला हात घालून त्याच्या मागून फिरायचा. त्याचा जोडीदार लडक्या घुंगरांची काठी आपटायचा. नारूची बायको भिकी आणि तिची बहीण सोमी नाचाच्या अग्रभागी असायच्या. नारू फार बोलायचा नाही. सगळा श्वास तारप्याला लागायचा, उरलेलं बोलणं भिकीकडे होतं, आणि ते दोघांना पुरून उरायचं.

या नाचाचे दोन नियम. वाजत्या तारप्याला कुणी पाठ दाखवायची नाही. आणि शेवटचा पाय थांबेपर्यंत तारपा थांबवायचा नाही.

डहाणूच्या जत्रेत मुंबईच्या एका तबकडी कंपनीच्या साहेबानं हा नाच पाहिला आणि चौघांना मुंबईला बोलावलं. नारूनं आयुष्यात पहिल्यांदा भिकीजवळ काही मागितलं. म्हणाला, "माझा दम आता उतरत चाललाय. हा सूर माझ्या नावानं कुठंतरी ठेवून जायाचा हाय. चल."

मुंबईच्या त्या खोलीत खाली गालिचा होता. साहेब म्हणाले, "पाय आपटायचे नाहीत. हलायचं नाही. लाल दिवा लागला की थांबायचं." नारू उभ्या जागी फुंकायला लागला, तर तारपा आजारी म्हशीसारखा हंबरला. पायांशिवाय त्याला श्वासच सापडेना. तो चालायला लागला, सोमी चालायला लागली, लडक्यानं काठी आपटली. लाल दिवा लागला. सोमीचे पाय चालूच होते, मग नारू कसा थांबेल? दिवा बिचारा लाल होऊन होऊन दमला.

"अरे, या वाद्याला शेवट आहे की नाही?" साहेब ओरडले.

"पाय थांबले का शेवट," भिकी म्हणाली. "तुमच्या दिव्याला पाय कुठं हायत?"

मग साहेबांनी आपला बेत सांगितला. बाजाची पेटी घालू, तबला घालू, शब्द शहरातल्या बाईकडून म्हणवून घेऊ, आणि तबकडीवर कंपनीचं आणि त्या बाईचं नाव छापू.

"आणि आमचं?" नारूनं विचारलं.

"तुम्हाला कोण ओळखतं?"

भिकीनं तारपा पिशवीत घातला. "पेटी तुमची, तबला तुमचा, बाई तुमची, नाव तुमचं. मंग आम्ही काय गालिचा बघाया आलो? चला रं."

डहाणूला उतरल्यावर भिकी म्हणाली, "आपली तबकडी आपण काढू." लडक्या हसला. भिकी हसली नाही, म्हणून तोही थांबला.

डहाणूत चिकूच्या वाडीचे पारशी मालक बमनशा होते. सोमी त्यांच्याकडे चिकू उतरवायला जायची. या बमनशांना यंत्रांचं वेड. त्यांनी कुठूनसं तबकडी कोरायचं यंत्र आणून ठेवलं होतं आणि आजवर त्यावर फक्त आपल्या कुत्र्याचं भुंकणं कोरलं होतं. सोमीनं विचारलं तर ते खुर्चीतून उठलेच. "अरे डिकरी, आधी सांगायचं ने! कोरी तबकडी एकच राहिली हाय, पण हाय."

झालं, चिकूच्या वखारीत माझा जन्म ठरला. बमनशांनी यंत्राला वीज पुरवायला पाणी उपसायचं डिझेल इंजिन जोडलं, आणि माईक वखारीच्या मधोमध, वाशाला दोरी बांधून टांगला. "तू फिर," ते नारूला म्हणाले. "हा कुठे जात नाय." ना गालिचा, ना दिवा. शेणानं सारवलेली जमीन आणि चौघांचे आठ पाय. नारूनं गाल फुगवले आणि तो त्या टांगलेल्या माईककडे तोंड करून फिरायला लागला.

मित्रांनो, तो सूर माझ्या अंगात कोरला जाताना काय झालं ते सांगू? पेट्यांमधले कच्चे चिकू त्या तीन मिनिटांत पिकले. बमनशांच्या मिशीला ताव आला. नीट ऐकलंत तर मागे इंजिनाची धडधड ऐकू येते, आणि दीड मिनिटाला एक कावळा ओरडतो. तो कावळा नंतर वर्षभर सगळ्यांना सांगत हिंडत होता.

पण जागा संपत आली. बमनशा टोपी हलवायला लागले, हात हलवायला लागले. नारूचं लक्ष पायांकडे. सुई टोकाला पोचली आणि सूर चढणीवर असतानाच कटकन तुटला. नारू मात्र आणखी बराच वेळ वाजवत होता.

"डिकरा, शेवट तर बाहेरच राहिला," बमनशा डोकं धरून बसले. दुसरी कोरी तबकडी नव्हती.

नारू हिरमुसला. भिकीनं यंत्राकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "असू दे तुटका. ज्याला शेवट पायजे तो नाचून घेईल."

मुंबईला तबकड्या छापणारा एक लहान कारखाना होता. भिकीची चांदीची कडी गेली आणि त्या एका कोरलेल्या तबकडीवरून आम्ही दोनशे बहिणी छापून आलो. मागची बाजू कोरी, कारण गाणं एकच. म्हणून मला एकच तोंड आहे. मधल्या पिवळ्या कागदावर छापलं होतं: नारू, लडक्या, भिकी, सोमी. तलासरी. भिकीला वाचता येत नव्हतं. तिनं बमनशांना विचारलं, "यातली मी कुठं?" त्यांनी दाखवलं. तिनं त्या अक्षरांवर बोट ठेवलं आणि इतका वेळ ठेवलं, की आजही माझा कागद तिथं थोडा झिजलेला आहे.

आता आम्ही विकायच्या कुठं? डहाणूच्या दुकानदारानं मला हातात घेतलं, वळवलं, परत दिलं. म्हणाला, "चांगली हाय. पण कंपनीचा माणूस येऊन गेला. ही ठेवली तर त्यांच्या तबकड्या मला मिळणार नाहीत." पुढच्या दुकानात तेच. त्याच्या पुढच्यात दार अर्धं उघडलं. दोनशे तबकड्या डोक्यावर घेऊन भिकी डहाणूच्या बाजारात उभी राहिली.

तिथं चिंचणीची हंसा बसली होती. सुके बोंबील, सुका जवळा विकायची. बाजार कुठलाही असो, हंसाची टोपली तिथं असायची, आणि हंसाचा आवाज टोपलीच्या आधी पोचायचा.

"काय ग बाय, भाकऱ्या करपल्या का?" तिनं विचारलं.

"गाणं हाय," भिकी म्हणाली. "कोण ठेवत नाय."

"का?"

"आमचं नाव हाय म्हणून."

हंसानं मला उचललं, वास घेतला, मग बोंबलांच्या खाली सरकवलं. "माझ्या टोपलीत कोण कंपनी हात घालते ते बघू. बोंबील घालू देतात कुठं?"

अशा आम्ही बाजारात उतरलो, बोंबलांच्या खालून. हंसा ओरडायची, "बोंबील घ्या, बोंबलाखाली नारूचा तारपा घ्या." कुणी नागली देऊन घेतली, कुणी कोंबडी देऊन. ज्यांच्याकडे पेटी नव्हती त्यांनीही घेतली. पेटी कधीतरी येईल, म्हणाले, आधी गाणं तर घरात असू दे. आणि खरं सांगते, एकदा तलासरीच्या बाजारात कुणी मला टोपलीजवळच वाजवलं, तर हंसाचे बोंबील शेपटीवर उभे राहिले. खोटं वाटत असेल तर बोंबलांना विचारा. ते खाऊन झालेत, हा माझा दोष नाही.

मला स्वतःला घेतलं काळूनं. दोन राज्यं नुकतीच वेगळी झाली होती आणि सीमेवरच्या अच्छाडला तपासणी नाका बसला होता. ट्रकांच्या रांगा लागायच्या. काळूचं तिथं चहाचं हॉटेल होतं आणि हॉटेलात चावीची पेटी. त्यानं मला एकदा लावलं, आणि मग दुसरं काही लावलंच नाही. सूर चढायचा आणि मधेच तुटायचा, आणि ऐकणाऱ्याच्या पायात उरलेला भाग वळवळायला लागायचा. एका ड्रायव्हरचे पाय असे सुरू झाले, की तो नाचत राहिला आणि त्याच्या ट्रकमधल्या कांद्यांना कोंब फुटले. असे ड्रायव्हर मुंबईत जाऊन दुकानादुकानांत विचारायला लागले, "ती अच्छाडवाली तबकडी हाय का, शेवट नसलेली?"

हे ऐकून साहेब आले.

बाजाराचा दिवस होता, दुपारची वेळ. नारू, भिकी, लडक्या, सोमी चहा पीत बसले होते. हंसा टोपली घेऊन दारात. साहेब मोटारीतून उतरले. एका हातात छापील कागदांचा गठ्ठा, दुसऱ्या हातात खळीचं भांडं.

"नारू, भल्या माणसा," ते अगदी मऊ बोलले. "उरलेल्या सगळ्या मी घेतो. मधे फक्त हा कागद चिकटवायचा. कंपनीचं नाव, आमच्या बाईंचं नाव. मग ही प्रत्येक शहरात वाजेल. शेवट आम्ही बाजाच्या पेटीवर नवा करून घेऊ."

त्यांनी मला पेटीवरून उचललं आणि माझ्या पिवळ्या कागदावर, बरोबर भिकीच्या नावावर, ओली खळ लावली. मित्रांनो, मी लाखेची आहे, मला थंडी वाजत नाही. तेव्हा वाजली.

भिकी काही बोलायच्या आत नारू उठला. त्यानं मला साहेबांच्या हातातून घेतलं आणि धोतराच्या सोग्यानं खळ पुसली, हळू, मुलाचं नाक पुसावं तशी.

"प्रत्येक शहरात वाजेल," तो म्हणाला. "पर माझ्या पाड्यावर ऐकणाऱ्याला कसं कळंल का मी वाजवतोय?"

"त्यानं काय फरक पडतो?"

"मला पडतो."

आणि त्यानं चावी फिरवली आणि सुई टेकवली.

तारपा वाजला. सोमी उठली, लडक्या उठला, बाजारातली माणसं आली. हातात हात, कमरेला हात, पेटीभोवती साखळी झाली. काळू चहाचं पातेलं सोडून आला. नाक्यावरचा शिपाई टोपी काखेत मारून आला. साहेब वैतागून मोटारीकडे वळायला लागले, तशी भिकीनं हाक मारली.

"साहेब, तारप्याला पाठ नाय दाखवायची."

"पण ही तबकडी आहे."

"तोंड करा इकडं. वाजतंय तोवर."

एवढी माणसं आपल्याकडे बघतायत म्हटल्यावर साहेबांनी तोंड केलं. तीन मिनिटंच तर आहेत, त्यांनी विचार केला असेल. सूर चढणीवर गेला आणि तुटला. साहेबांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण सुई माझ्या शेवटच्या रेघेत अडकून टक, टक, टक करत राहिली, लडक्याची काठी त्या टकटकीवर पडायला लागली, आणि पाय थांबेनात. मग नारूनं पिशवीतून तारपा काढला. वखारीत जिथं मी तुटले होते, बरोबर त्या जागेवरून त्यानं सूर उचलला.

माझं पुढचं गाणं मी पहिल्यांदा ऐकलं, मित्रांनो.

नारूचा दम उतरला होता म्हणे. त्या दिवशी तो कुठून वर आला, कुणास ठाऊक. साहेब एक पाऊल मागे गेले, मग आणखी एक. खळीचं भांडं छातीशी धरून, तोंड आमच्याकडे, असे मागे मागे चालत मोटारीपर्यंत गेले आणि मागच्या मागे आत बसले. घाबरलेल्या ड्रायव्हरनं मोटारही वळवली नाही. चारोटीपर्यंत ती उलटीच गेली म्हणतात. मी पाहिलं नाही, मी फिरत होते.

कागदांचा गठ्ठा हॉटेलातच राहिला. काळूनं महिनाभर त्यात भजी बांधून दिली.

त्याला आता किती वर्षं झाली. नारू गेला, भिकी गेली, पेट्या अडगळीत गेल्या. काळूनं हॉटेल सोडताना मला हंसाला दिलं. आज मी हंसाच्या नातीकडे, चिंचणीला, जवळ्याच्या बरणीवर झाकण म्हणून बसलेली असते. टवका तिथंच उडाला. पण बसते मात्र नावं वर करून. माझी मागची बाजू कोरी आहे, ती मी कुणाला दाखवत नाही, आणि माझ्या नावांवर अजून कुणाला कागद चिकटवता आलेला नाही.

तुमच्या घरात अशी एखादी काळी ताटली झाकण होऊन पडली असेल, तर तिला उचला. साध्या पाण्यानं हळू पुसा, उन्हात ठेवू नका, आम्ही वाकड्या होतो. मधल्या कागदावरची नावं मोठ्यानं वाचा. मग कुठूनतरी पेटी शोधा आणि सुई टेकवा. आणि ती तबकडी माझी बहीण निघाली, तर सूर चढेल आणि मधेच तुटेल. तेव्हा बिघडली म्हणून सुई उचलू नका, आणि पाठ तर मुळीच फिरवू नका. टकटक ऐका. तुमचे पाय थांबेपर्यंत नारूचं वाजवणं संपलेलं नाही.