टकलीचा घास दळणारे खिमायंत्र

मित्रांनो, मी एक जुने, हाताने फिरवायचे खिमायंत्र आहे. माझ्या पोटात एक मळसूत्र आहे, त्याच्या पुढे चार धारांचे पाते आणि सर्वांत पुढे भोकाभोकांची जाळी, अशी माझी अंतर्रचना आहे. टेबलाच्या कडेस आवळून बसविल्याशिवाय मी काम करीत नाही. हा माझा हट्ट नसून माझा स्वभाव आहे.

एका ओतशाळेत वाळूच्या साच्यात माझा जन्म झाला. वरून कल्हई चढवून मला नटविण्यात आले आणि एका खाटकाच्या दुकानी माझी नेमणूक झाली. तेथे मी वीस वर्षे इमानाने सेवा केली. "खिमा असावा तर असा!" हे गिऱ्हाइकांचे उद्गार ऐकून माझा दांडा अभिमानाने ताठ होई. पुढे दुकानात विजेचे यंत्र आले आणि माझी रवानगी गल्ल्याच्या टेबलाखाली, मांस टांगायच्या तुटक्या आकड्यांच्या शेजारी झाली. मला गंज चढला. खाटीकभाऊंवर माझा राग नाही. त्यांनी मला भंगारात घातले नाही, हे उपकार थोडे नव्हेत.

टेबलाखाली बसून मला दिसत काहीच नसे, परंतु ऐकू सर्व येई. एक निवृत्त शिंपी तेथे रोज सकाळी येत. त्यांना सगळे मास्तर म्हणत. त्यांची एकुलती लेक दूरगावी नोकरीस गेली आणि आईवडिलांना घर खायला उठू नये म्हणून कुत्रीचे एक पिल्लू ठेवून गेली. ही कुत्री अशा जातीची होती की, तिच्या डोक्यावरील झुपका सोडला तर अंगावर केस म्हणून नव्हता. मास्तरांनी तिच्यासाठी लोकरीचे जाकीट शिवले होते. खाटीकभाऊंनी तिचे नाव टकली ठेवले आणि तेच रूढ झाले.

कुत्र्यांना कच्चे मांस मानवते, असे मास्तरांनी कोठेतरी वाचले होते. वाचले ते अर्धेच.

"भाऊ, निव्वळ लाल मांस द्या. हाडाचा कण नको, चरबीचा पापुद्रा नको."

"मास्तर, घरी कुत्री आहे का जावईबापू उतरलेत?"

"चेष्टा नको हो. या जातीला दात कमी असतात. हाड घशात अडकलं म्हणजे?"

"बरं बाबा. तुमची टकली, तुमचा कायदा."

असे तीन महिने चालले. टकलीची कातडी कोरडी पडून तिचा कोंडा निघू लागला, तेव्हा मास्तर तिला तेलाने चोळू लागले. मित्रांनो, तो भला माणूस तिच्या घासातली चरबी काढून टाकीत होता आणि वरून तेल लावीत होता!

एके दिवशी मास्तर आले ते टकलीला कडेवर घेऊन. तिच्या कण्हण्याचा आवाज मी खालून ऐकला.

"पाय धनुष्यासारखे वाकलेत, भाऊ. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे फोटो काढला. हाडं कागदासारखी झालीत म्हणाल्या. नुसत्या लाल मांसानं तिची उपासमार झाली. मीच केलं हे. तिच्या वाट्याचं हाड मी रोज काढून टाकत होतो."

खाटीकभाऊंनी या वेळी थट्टा केली नाही. "मग आता काय म्हणाल्या?"

"कोंबडीच्या माना हाडासकट बारीक करून द्यायच्या. सोबत मांस, हृदय, थोडी कलेजी, थोडी चरबी, सगळं मोजून. महिनाभर खोक्यात निजवून ठेवायचं. महिन्यानं उभी राहिली तर राहिली. लेकीला काय सांगू मी?"

"विजेच्या यंत्रात हाड घालता येत नाही, पाती जातात. पण थांबा." भाऊ वाकले आणि इतक्या वर्षांनी मला उजेड दिसला. "हे न्या. लोखंड अस्सल आहे."

मास्तरीणबाईंनी मला पाहताच नाक मुरडले. "हे भंगार माझ्या ओट्यापाशी? आणि त्यात कच्च्या माना?"

"अगं, टकलीसाठी."

"टकलीसाठी म्हणूनच गप्प बसतेय. नाहीतर तुम्हाला आणि याला दोघांना अंगणात बसवलं असतं."

मास्तरांनी मला सुटे करून माझा गंज घासला, उकळत्या पाण्याने मला न्हाऊ घातले, पुन्हा जोडून टेबलाच्या कडेस आवळले आणि मोठ्या उमेदीने दांडा फिरविला. मी कुरकुरले, अडले. जे बाहेर पडले ते पाहून मलाच लाज वाटली. मास्तर ते वाटीत भरून खोक्याकडे निघाले, तोच बाईंनी त्यांचे मनगट धरले.

"थांबा! मला बघू द्या." तांदूळ निवडावेत तशी त्यांनी बोटे फिरविली आणि सुईएवढी एक हाडाची काडी वर काढली. "हे गेलं असतं तिच्या पोटात."

मास्तरांनी वाटी खाली ठेवली.  बाईंनी त्यातला खिमा फेकून दिला, खाटीकभाऊंना बोलावणे धाडले आणि त्यांनी येऊन माझे पोट उघडले.

"मास्तर, पातं उलटं बसवलंत. धारेचं तोंड जाळीकडे हवं. तुम्ही सुई उलटी लावून शिवायचात का हो?"

"जन्मभर शिवलं, पण आज अक्कल शिवायची राहिली," मास्तर म्हणाले.

पाते सुलट होताच माझ्यातून लोण्यासारखा मऊ खिमा उतरला. त्यातही बाईंनी बोटे फिरवून पाहिलीच. काडी निघाली नाही. टकलीने वाटी चाटून पुसून ठेवली.

त्या दिवसापासून दांडा बाईंच्या हाती गेला. त्या रोज वजन करून घालीत, फिरवून झाल्यावर बोटांनी चाचपीत आणि काम संपताच मला कढत पाण्याने धुऊन, कोरडे पुसून, तेलाचा थेंब देत. पहिला आठवडा गेला, दुसरा गेला. टकलीच्या अंगाला तुकतुकी आली, परंतु पाय काही हलेनात. लेकीचा फोन आला की मास्तर "झोपलीय" असे सांगून विषय बदलीत.

चौथ्या आठवड्यातील एका सकाळी बाई मला फिरवीत होत्या. त्यांचा हात एकाएकी थांबला. टकली खोक्याबाहेर आली होती. डगमगत, एकेक पाऊल टाकीत, चारही पायांवर ती माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"अहो, इकडे या! पळत या!" आणि लगेच हळू आवाजात, "नको, हळू या. घाबरेल ती."

मास्तर दारातच थबकले. त्यांनी डोळे पुसले आणि लेकीला फोन लावला. या वेळी त्यांनी "झोपलीय" असे सांगितले नाही. सारी चूक, सारा महिना, काही न लपविता सांगून टाकला.

मित्रांनो, माझ्या लोखंडी देहात आज केवळ आभार भरले आहेत. चूक कबूल करणाऱ्या मास्तरांचे, पाते सुलट करणाऱ्या भाऊंचे, आणि पहिल्या घासाच्या वेळी मास्तरांचा हात धरणाऱ्या बाईंचे. तुम्हाला एवढीच विनवणी करते: माझ्यासारख्या हत्याराला वापरून झाल्यावर धुऊन कोरडे ठेवा. आणि जो मुका जीव तुमच्या भरवशावर वाटीत तोंड घालतो, त्याला काय द्यावे हे आधी जाणत्याला विचारा, आणि मग तो घास एकदा स्वतःच्या बोटांनी चाचपून पाहा.