एकसष्ट आठवड्यांचं काम

शुक्रवारी पाच वाजता कॉम्प्युटरवरचा आठवड्याच्या कामांचा बोर्ड बंद झाला, की उरलेली कामं माणसांच्या रूपात येऊन ज्याच्या त्याच्या टेबलाशी बसत. पुढच्या आठवड्यात ढकललेलं काम दोन बोटं उंच होई. नाशिकमधल्या त्या पाण्याचे फिल्टर विकणाऱ्या कंपनीत याचं कुणाला नवल राहिलं नव्हतं.

वर्षदा टिपरेकडे एकच काम उरलेलं होतं, पण एकसष्ट आठवड्यांचं. 'जुन्या ग्राहकांचे पत्ते तपासणे.' करड्या स्वेटरातला, कमी बोलणारा गृहस्थ. त्याचं डोकं छताला टेकलं तेव्हापासून वर्षदा आपल्या टेबलावर टांगलेला पंखा लावत नसे. डब्यातली अर्धी पोळी ती रोज त्याला देई.

"आज करायचं का?" तो विचारी.

"सोमवारी बघू."

दोघांनाही ते पटे.

मार्चमध्ये टीम लीड खांबेटे सरांनी बोर्डावरचं त्याचं कार्ड उचललं आणि नव्या आलेल्या ऋजुता वाघुळदेच्या नावावर टाकलं. "तुमचा भार हलका केला," ते वर्षदाला म्हणाले. गृहस्थ उठला, वाकून पंखा चुकवला आणि ऋजुताच्या टेबलाशी जाऊन बसला. जाताना 'येतो' म्हणाला नाही.

ऋजुता कामं संपवणारी होती. संपलेलं काम जिना उतरून जाई आणि परत दिसत नसे. ती दिवसाला साठेक पत्ते तपासू लागली, आणि तो रोज वीतभर कमी होऊ लागला. बुधवारी तो ताठ उभा राहिला. गुरुवारी ऋजुताच्या कसल्याशा बोलण्यावर तो हसला. एकसष्ट आठवड्यांत वर्षदाला त्याचे दात दिसले नव्हते. तिच्या तोंडातला घास तोंडातच राहिला.

जेवणाची सुट्टी संपायच्या आत ती कपाटाशी गेली. पत्ते ज्यांवरून तपासायचे त्या जुन्या पावत्यांच्या गठ्ठ्यातून दोनशे बाराव्या ग्राहकाची पावती काढली, तिची घडी केली आणि पर्समध्ये ठेवली.

शुक्रवारी चार वाजता ऋजुता तिच्यापाशी आली, मागोमाग गृहस्थही.

"वर्षदा मॅडम, दोनशे बारा सापडत नाहीये. बाकी सगळे झाले. तुम्ही बघितलाय?"

"नाही."

"इतके दिवस काम तुमच्याकडे होतं, म्हणून विचारलं."

"होतं ना? मग राहू द्यायचं होतं माझ्याकडे."

ऋजुता पुन्हा कपाटात शोधायला गेली. गृहस्थ मात्र तिथेच थांबला. आता तो वर्षदाच्या खांद्याएवढा होता.

"पावती पर्समध्ये आहे," तो म्हणाला. "घडी पडली तिथे मला दुखतं."

"मग तिला सांगितलं का नाही?"

"तुम्ही द्याल असं वाटलं."

वर्षदाने पर्स मांडीवर ओढून घेतली. "तिच्याकडे बरं वाटतं तुम्हाला?"

"तिच्याकडे मी संपतो."

"आणि माझ्याकडे?"

"तुमच्याकडे मी वाढलो." त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. असती तर वर्षदाला सोपं गेलं असतं.

पाचला तीन मिनिटं कमी असताना तिने बोर्ड उघडला आणि कार्डावर ऋजुताच्या नावाशेजारी स्वतःचं नाव टाकलं. बोर्डाने दोन्ही नावं घेतली. पाच वाजता खांबेटे सरांनी आठवडा बंद केला, खिडक्या लावल्या आणि ते निघून गेले.

गृहस्थ दोन टेबलांच्या मधे उभा राहिला. वर्षदाने त्याचा उजवा हात धरला. कपाटापासून धावत आलेल्या ऋजुताने डावा धरला.

"मॅडम, त्याला जायचंय. कपाटात नाही म्हणजे पावती तुमच्याकडेच आहे. द्या."

वर्षदा एक पाऊल मागे सरली. काम पुढच्या आठवड्यात गेलं होतं, तेव्हा त्याला वाढणं भागच होतं. पण या वेळी तो उंच झाला नाही.

"जरा सावकाश," तो म्हणाला.

तिने आणखी एक पाऊल मागे टाकलं. स्वेटरची बाही संपली, आणि तिच्या मुठीतला हात लांब होत बाहीतून बाहेर येतच राहिला.