गठ्ठ्यातला तळाचा पत्ता

मित्रांनो, मी एक जुना पत्ता आहे. घराचा नव्हे आणि जुगाराचा तर मुळीच नव्हे. कोल्हापुरातल्या एका मेडिकल कॉलेजात शाहिस्ता मॅडम विद्यार्थ्यांना पुढची शाखा निवडायला मदत करतात. कामात कुणाला काय मोलाचं वाटतं हे समजावं म्हणून त्यांनी मंगळवार पेठेतल्या छापखान्यात आमचा गठ्ठा छापून घेतला. एका पत्त्यावर 'मान', एकावर 'मिळकत', एकावर 'अचूक निदान'. माझ्यावर 'ठरलेल्या वेळी घरी'. मुलं आम्हाला पसंतीने वर-खाली लावतात आणि मग मॅडम त्यांच्याशी बोलतात.

माझा मात्र नेहमी पत्ता कट! डॉक्टर होणाऱ्याने घरी जायचं नाव काढलं की तो आळशी ठरतो. काहीजण मला हळूच उचलतात, आजूबाजूला बघतात आणि पुन्हा तळाशी सारतात. 'मान' सदा वर. त्याचं फुगणं मला बघवत नाही, खोटं कशाला सांगू?

परवा तेजस्वी आली. सोबत तिचे वडील, गडहिंग्लजचे सर्जन विजयसिंह. शाखेची पसंती संध्याकाळपर्यंत कळवायची होती आणि एकदा कळवली की बदलता येणार नव्हती. तेजस्वी मला वर ठेवी, वडिलांकडे बघे आणि खाली सरकवी. तिच्या बोटांच्या घामाने मी ओला झालो. शेवटी विजयसिंहांनीच हात घालून 'मान' वर ठेवला, मला तळाशी घातलं आणि आपल्या दवाखान्यात नवं ऑपरेशन थिएटर तिच्यासाठीच बांधल्याचं ऐकवलं. पत्ते तिचे तिला लावू द्या, असं मॅडम म्हणाल्या.

तेजस्वीने मला तळातून ओढून काढलं.

"पप्पा, मला सर्जरी नको, पॅथॉलॉजी घ्यायचीय. तपासणीचं काम मला आवडतं. आणि मला घरातबी असायचं हाय. तुम्ही मला लहानपणी झोपलेलंच बघितलंय."

विजयसिंह चिडतील असं वाटलं होतं. त्यांनी मला हातात घेतलं आणि बराच वेळ वाचत राहिले.

"आमच्या वेळंला ह्यो पत्ता गठ्ठ्यातच न्हवता," ते म्हणाले.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. दवाखान्यात अपघाताचा पेशंट आला होता. ते उठले आणि मला तिच्या हातात देऊन म्हणाले, "तुझं तू लाव." आणि निघाले. घरी नव्हे, दवाखान्यात.

तेजस्वीने 'अचूक निदान' पहिला ठेवला आणि मला दुसरा. मित्रांनो, मला पहिला नंबर नकोच. अपघाताच्या पेशंटसाठी कुणीतरी धावायलाच हवं, आणि ज्याला ते मनापासून हवं आहे त्याने खुशाल मला तळाशी ठेवावं. पण भीतीपोटी किंवा लाजेपोटी मला लपवू नका. आणि उद्या तुम्ही आई-बाप झालात, तर मुलांच्या पत्त्यांना हात लावू नका.