भुऱ्याचा आवाज

सोमनाथला कावीळ झाली तेव्हा भुऱ्याचे निम्म्याहून जास्त भाग बोलायचे राहिले होते. मोहनरावांना आधी ते आठवलं. पोरगं वाचेल की नाही, हा विचार त्यांच्या मनात नंतर आला.

मोहनराव बारामतीतले केबलवाले. एका परदेशी कार्टूनच्या टेपा त्यांनी मुंबईहून आणल्या होत्या, आणि त्या मराठीत करून रोज संध्याकाळी आपल्या केबलवर दाखवायचा उद्योग अठ्ठ्याण्णव साली सुरू केला होता. कार्टूनमधलं मुख्य जनावर अस्वल होतं की कोल्हा, ते शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. रंग भुरकट, म्हणून सोमनाथनंच त्याला भुऱ्या म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव पडलं.

सोमनाथ पणदऱ्याचा. रिक्षाला कर्णे बांधून सिनेमाची, सर्कशीची जाहिरात करत गावोगाव हिंडायचा, आणि चौदा एप्रिल आला की गायन पार्टीत भीमगीतं म्हणायचा. त्याच्याआधी मोहनरावांनी कॉलेजातली पोरं तपासून बघितली होती. सगळी धडा वाचल्यासारखी बोलायची. सोमनाथनं मात्र पडद्यावरचं ते जनावर भिंतीवर आपटताना बघितलं, "आयाया, मेलो की रं!" म्हणाला आणि असा काही हसला, की मशिनीवर बसलेल्या गेणूनं टेप थांबवायच्या ऐवजी पोट धरलं. दोन महिन्यांत बारामती, इंदापूर, दौंडकडची पोरं भुऱ्यासारखी हसायला लागली.

कावीळ झाल्यावर आधी झाडपाल्यात दिवस गेले. मग बारामतीतल्या एका खासगी दवाखान्यात दाखल केलं. धाकटा भाऊ रविंद्र इंदापूरला तहसील कचेरीबाहेर टाइपरायटर मांडून अर्ज टाइप करायचा. मशिनीवर कापड टाकून तो दवाखान्यात येऊन बसला. आई केसरबाई आणि सोमनाथची बायको करुणा तिथंच होत्या.

एका दुपारी मोहनराव आले. एका हातात मोसंब्यांची पिशवी आणि दुसऱ्या हातात टेपरेकॉर्डर.

"काय सोमनाथ, नुसतं पडून काय करतो? डोळं पिवळं झाल्यात, जीभ तर चांगली हाय ना?"

सोमनाथ हसला. त्याला मोहनरावांच्या बोलण्याचं कधी काही वाटायचं नाही.

"लांबलचक काही बोलू नकोस," मोहनराव खाटेवर टेकत म्हणाले. "बोलायचं मागनं बघू. बारकं बारकं दे. शिंक, धाप, उचकी, आन् हसणं. वेगवेगळं हसणं. रविंद्र, माईक धर."

रविंद्रनं माईक धरला. का धरला, ते पुढं त्यालाही सांगता आलं नसतं. मोहनरावांनी सांगितलं आणि त्यानं धरला. सोमनाथ शिंकला, मग त्यानं धापा टाकल्या. त्या मात्र खऱ्याच निघाल्या.

"आता रडून दाखव," मोहनराव म्हणाले, आणि लगेच हात हलवला. "न्हाय, रडणं राहू दे. रडायला कुणीबी मिळंल. हसण्याचंच करू."

करुणा दारात उभी होती. "अहो, पुरे करा आता," ती म्हणाली.

"हसायला काय कष्ट पडत्यात व्हय?" सोमनाथ म्हणाला आणि हसला. बारीक हसला, खो खो हसला, तोंड दाबून हसला. कॅसेट संपेपर्यंत तो हसत होता. शेजारच्या खाटेवरचा म्हाताराही हसायला लागला. केसरबाईंनासुद्धा क्षणभर वाटलं, पोरगं बरं होतंय.

पुढच्या आठवड्यात सोमनाथ गेला. शेवटी शेवटी तो कुणाला ओळखत नव्हता.

रविंद्रनं दवाखान्यासमोरच्या बूथवरून मोहनरावांना फोन केला. "हॅलो, शेठ," एवढंच तो म्हणाला आणि पलीकडून मोहनराव ओरडले, "अरे वा, सोमनाथ! उठलास का!" रविंद्रला खरं काय ते सांगावं लागलं. मोहनरावांनी फोन ठेवून दिला. मोहनरावांना दुःख झालं असेल, असं रविंद्र तेव्हा धरून चालला.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी मोहनराव पणदऱ्याला आले. बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीपुढं फुलं वाहिली, वंदना होईपर्यंत मांडी घालून बसले. जेवणं झाल्यावर रविंद्रच्या खांद्यावर हात ठेवून त्याला गोठ्याकडं घेऊन गेले.

"तू मरणाचा फोन केलास ना, तवाच माझ्या ध्यानात आलं," ते म्हणाले. "आवाज तोच हाय. थोडी तालीम झाली की कुणाला कळायचं न्हाय."

"शेठ, त्याला जाऊन किती दिवस झालं?"

"म्हणून तर घाई हाय. तयार भाग संपत आल्यात. आन् ऐक, तो गेला म्हणून कुठं बोलू नकोस. पोरांचा भुऱ्या मरता कामा नये."

रविंद्र नाही म्हणाला होता. स्पष्ट नाही म्हणाला होता. पण घरात केसरबाईंनी अन्न सोडलं होतं. चहाच्या घोटावर दिवस चालला होता. एका संध्याकाळी शेजारच्या घरातला टीव्ही मोठ्यानं लागला होता आणि त्यातून सोमनाथ ओरडला, "थांब की रं, आलोच!" केसरबाई भिंतीला हात लावत उठल्या, शेजाऱ्यांच्या ओसरीत जाऊन बसल्या आणि भाग संपेपर्यंत तिथल्या बाईनं हातावर ठेवलेली भाकरी त्यांनी खाल्ली. नकळत सगळी खाल्ली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं रविंद्र बारामतीला गेला.

स्टुडिओ म्हणजे मार्केट यार्डाजवळचं गुळाचं जुनं गोदाम. भिंतींना गाद्या आणि बारदान ठोकलेलं. गुळाचा वास कितीही धुतलं तरी जात नव्हता आणि वायरींवरून मुंगळे फिरायचे. कानाला हेडफोन लावून रविंद्र पडद्यासमोर उभा राहिला. भुऱ्याचं तोंड उघडलं की याचं उघडायचं, त्याचं मिटलं की याचं मिटायचं. मध्येच मोहनराव सोमनाथची जुनी टेप लावायचे आणि म्हणायचे, "ऐक. हा 'आलोच' बघ कसा खालनं वर जातोय. तुझा सपाट पडतोय. मेल्यासारखा."

बोलणं जमलं. महिनाभरात असं जमलं, की गेणू मशिनीवरून मान वर करायचा बंद झाला. हसणं मात्र जमेना. रविंद्र हसला की माणूस हसल्यासारखं वाटायचं, भुऱ्या नाही. शेवटी मोहनरावांनी दवाखान्यातली कॅसेट काढली आणि गेणूला सांगितलं, "बोलणं याचं लाव, हसणं त्याचं जोड."

रविंद्रनं बोललेला पहिला भाग लागला त्या दिवशी घरी टीव्ही आला होता. जुना, पण रंगीत. मोहनरावांनीच पाठवला होता आणि तारही ओढून दिली होती. केसरबाई समोर बसल्या. भाग संपला तरी त्यांची नजर पडद्यावरून हलेना.

"बोलणं तुझं हाय रव्या," त्या म्हणाल्या. "हसणं त्याचं हाय."

रविंद्रला कुठं बघावं कळेना. आई आता रडेल, शिव्या देईल, असं त्याला वाटलं.

"माझ्याशी बोल तसं," केसरबाई म्हणाल्या.

"आये, ते नाटक असतंय."

"असू दे. मला 'जेवलीस का' म्हण. त्याच्यासारखं म्हण."

त्यानं म्हटलं. "आये, जेवलीस का गं?" खालून वर जाणारं, मोहनरावांनी घोटून घेतलेलं. केसरबाईंनी डोळे मिटले आणि त्यांच्या तोंडावर असं समाधान आलं, जे रविंद्रनं आपल्या आयुष्यात स्वतःच्या कुठल्याच गोष्टीसाठी त्यांच्या तोंडावर बघितलं नव्हतं. आत चुलीपाशी करुणा होती. तिच्या हातातली परात खाली पडली.

त्या दिवसापासून घरात तेच सुरू झालं. केसरबाई मोहनरावांपेक्षा कडक निघाल्या. "सोम्या 'पाणी' असं न्हाय म्हणायचा, 'पानी' म्हणायचा." "दारातनं येताना तो खाकरायचा. तू मुक्यावानी येतोस." रविंद्र बाहेर जाऊन पुन्हा खाकरत आत यायचा. तो आपल्या आवाजात बोलला, की केसरबाई उत्तरच द्यायच्या नाहीत. एकदा त्याला थंडीताप भरला. तो गोधडीतून म्हणाला, "आये, अंग लय दुखतंय." त्या भाजी निवडत बसल्या.

"आये, ऐकू येतंय ना?"

"तू गप पड. त्याला बोलू दे."

करुणानं एकदा विहिरीच्या वाटेवर रविंद्रला थांबवलं. ती इंदापूरची, डी.एड. झालेली. तिचं बोलणं नेहमी मोजकं.

"भाऊजी, माझ्यासमोर त्या आवाजात बोलू नका. मी हात जोडते."

"आय जेवत न्हाय वहिनी, न्हायतर."

"त्या जेवतात आणि माझ्या घशाखाली घास उतरत नाही. ते दारात खाकरले की मी अजून उठते. उठून उभी राहते, भाऊजी. मग तुम्ही आत येता."

रविंद्रनं कबूल केलं. त्या दिवशी घरी येताना तो खाकरला नाही, आणि आईनं विचारल्यावर वहिनीचं नाव सांगून मोकळा झाला. केसरबाईंनी ताट भिंतीवर भिरकावलं. "त्वांड बघून घरात घेतलं तुला!" त्या करुणाला म्हणाल्या. "नवरा खाल्लास, आता त्याचा आवाजबी खातीस व्हय?" रविंद्र दारात उभा होता. वहिनीच्या बाजूनं बोलायचं होतं, तोंड उघडलंही. पण निघालं ते "आये, असं नको गं करू," आणि तेही सोमनाथच्याच आवाजात. केसरबाई शांत झाल्या. करुणानं एकदा त्याच्याकडं बघितलं. दुसऱ्या दिवशी पिशवी भरून ती इंदापूरला माहेरी गेली. तिला थांब म्हणायची रविंद्रची छाती झाली नाही.

इंदापूरच्या कचेरीबाहेरची त्याची जागा एव्हाना दुसऱ्यानं घेतली होती. रविंद्रला त्याचं काही वाटलं नाही. आता हेच आपलं काम, असं त्यानं मनाशी धरलं होतं. भुऱ्या जिवंत आहे, आई जेवते आहे, एवढं बस होतं.

मग पुण्याची एक कंपनी आली. त्यांना भुऱ्या साऱ्या महाराष्ट्रात दाखवायचा होता. चष्मा लावलेला एक माणूस गोदामात बसून सगळे भाग ऐकत होता. रविंद्र नवा शर्ट घालून भिंतीशी उभा. ऐकून झाल्यावर त्या माणसानं मोहनरावांना विचारलं, "मधेच माणूस बदललाय का तुम्ही?"

"छे, छे! एकच हाय."

"नाही. सुरुवातीच्या भागांतला फारच छान आहे. नंतरचा कुणीतरी त्याची नक्कल करतोय. हसणं मात्र सगळीकडं पहिल्याचं आहे. तो पहिला कुठंय?"

मोहनरावांनी रविंद्रकडं बघितलंसुद्धा नाही. "तो मेला," ते म्हणाले. "हा त्याचा भाऊ. चालवून घेत होतो आपलं. तुमच्याकडं चांगला कुणी असंल तर बघा."

"आहे एक नाटकातला मुलगा. त्याला पहिल्याच्या टेपा द्या. नंतरचे भाग पुन्हा बोलून घेऊ."

"आन् ती हसण्याची कॅसेटबी देतो," मोहनराव म्हणाले.

रविंद्र पुढं झाला. "शेठ, ती कॅसेट आयसाठी मला द्या. दुसरं काही मागत न्हाय."

"अरे, तिच्यावरच तर सौदा हाय," मोहनराव म्हणाले आणि गेणूला चहा सांगायला लावला. चहा आला तो रविंद्रला सोडून सगळ्यांना.

कित्येक दिवस त्यानं घरी सांगितलं नाही. सकाळी नेहमीसारखा बारामतीला जायचा, एसटी स्टँडच्या बाकावर बसायचा आणि संध्याकाळी खाकरत घरात शिरायचा. शेवटी एक दिवस तो इंदापूरच्या गाडीत बसला. करुणा माहेरच्या घराच्या ओसरीत लहान पोरांची बालवाडी चालवायची. रविंद्र पोहोचला तेव्हा पोरं सुटत होती. एक पोरगं पायरीवर आपटलं आणि "आयाया, मेलो की रं!" म्हणून खिदळलं. करुणानं त्याला उचलून उभं केलं, धूळ झटकली. तिच्या तोंडावरची रेषही हलली नाही.

"वहिनी, संपलं ते," रविंद्र म्हणाला. "त्यांनी मला काढलं. आता त्या आवाजात मी कुणाशी बोलणार न्हाय. घरी चला."

करुणानं त्याच्याकडं रोखून बघितलं.

"आत्ता कोणत्या आवाजात बोललात?" तिनं विचारलं.

रविंद्र थांबला. मनातल्या मनात ते वाक्य त्यानं पुन्हा म्हणून बघितलं. त्याला खात्री देता येईना. मग त्यानं आवाज जाड केला, मग बारीक केला, "वहिनी, वहिनी" म्हणत राहिला. राहिलेली दोन-चार पोरं त्याच्याकडं बघून हसायला लागली.

"पुरे," करुणा म्हणाली. "दवाखान्यात माईक तुमच्याच हातात होता, भाऊजी. मी पुरे म्हणत होते." तिनं पोरांना आत घेतलं आणि दार लावून घेतलं.

पणदऱ्याला उतरेपर्यंत दिवे लागले होते. आज आईला सांगायचं, आपल्या आवाजात सांगायचं, असं ठरवून तो न खाकरता घरात शिरला. केसरबाईंचं लक्षच नव्हतं. टीव्ही चालू होता. पडद्यावर भुऱ्या एका झाडावरून दुसऱ्यावर उड्या मारत होता आणि पुण्याचा नाटकातला मुलगा बोलत होता. खालून वर जाणारं 'आलोच' होतं, धाप होती, सगळं जिथल्या तिथं होतं. केसरबाईंच्या मांडीवर भाकरीचं ताट होतं आणि त्या जेवत होत्या. सोमनाथ गेल्यापासून इतक्या भुकेनं जेवताना रविंद्रनं त्यांना बघितलं नव्हतं.

"आये," तो म्हणाला.

"शू!" त्यांनी हात वर केला. मग भुऱ्या दवाखान्यातलं हसणं हसला, आणि केसरबाई मोकळेपणानं त्याच्यासोबत हसल्या.

"आज सोम्या लय झ्याक बोलतोय बघ," त्या पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "तुझं आपलं ओढूनताणून असायचं."

रविंद्र पुढं झाला आणि पडद्याच्या आड आला.

"बाजूला हो की. आन् उभाच हायस तर आवाज वाढीव जरा."

त्यानं आवाज वाढवला आणि भिंतीला टेकून खाली बसला. त्यानंतर केसरबाईंनी त्याला कधी बोलायला सांगितलं नाही, आणि तोही फारसा बोलला नाही.